एक खोली, अनेक अर्थ

लॅटिन आज कोणाचीही मातृभाषा नाही; परंतु इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि रुमानियन या तिच्यापासून निपजलेल्या भाषा जिवंत आहेत. एका मुळाचा शब्द या भगिनीभाषांत कसा निरनिराळा वाढतो, हे दाखविण्यासाठी आम्ही 'कामेरा' हा एकच शब्द घेतला आहे.

ग्रीक भाषेत 'कामारा' म्हणजे कमानी छताची वास्तू. लॅटिनने तो शब्द स्वीकारला. कालांतराने कमान मागे पडली आणि 'खोली' एवढाच अर्थ उरला. इटालियनमध्ये 'कामेरा' म्हणजे आजही साधी खोली. फ्रेंचमध्ये त्याचे 'शांब्र' झाले व तो शब्द विशेषतः शयनगृहासाठी रूढ झाला. रुमानियनमध्ये याच कुळातील एक शब्द खोलीचा, तर दुसरा धान्यकोठीचा वाचक आहे. खोलीत बसणाऱ्या सभेलाही हेच नाव मिळाले : इटलीच्या संसदेचे कनिष्ठ सभागृह 'कामेरा' आहे आणि पोर्तुगालमधील नगरपालिका 'कामरा' आहे. हिंदीतील 'कमरा' हा पोर्तुगीजांकडूनच आपल्या देशात आला.

मग छायाचित्राचा कॅमेरा कोठून आला? अंधाऱ्या खोलीच्या भिंतीस बारीक छिद्र ठेवले, की बाहेरचे दृश्य समोरच्या भिंतीवर उलटे उमटते. अशा रचनेस केप्लरने 1604 साली 'कामेरा ऑब्स्क्युरा', म्हणजे अंधारी खोली, असे म्हटले. पुढे खोलीची पेटी झाली आणि नावातील अंधार गळून गेला. स्पॅनिशमध्ये 'कामारा' हा शब्द या यंत्रासही चालतो. इटालियनमध्ये मात्र त्यास 'छायाचित्रयंत्र' अशा अर्थाचे वेगळे नाव आहे. फ्रेंच 'कामेरा' तर चलच्चित्र टिपणारा. म्हणूनच परभाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी केवळ रूपसाम्यावरून अर्थ गृहीत धरू नये. शब्दाचे मूळ त्याचा प्रवास सांगते. त्याचा आजचा अर्थ मात्र तो वापरणारे लोक ठरवितात.

या कुळातील आणखी एका शब्दाचा उल्लेख आम्हांस आवश्यक वाटतो. स्पॅनिश 'कामारादा' म्हणजे प्रथम एका खोलीत एकत्र राहणाऱ्या सैनिकांचा गट. नंतर त्या गटातील प्रत्येक सोबती. तोच फ्रेंचमार्गे इंग्रजीत जाऊन 'कॉम्रेड' झाला. एका खोलीत वर्षानुवर्षे शेजारी शेजारी अंथरुणे घालून, एका दिव्याखाली अभ्यास केलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना या शब्दाचा अर्थ कोशात शोधावा लागणार नाही.