विकावयाच्या घराची डागडुजी

ठाणें, डोंबिवली, दादर, गिरगांव अशा ठिकाणीं राहणाऱ्या पुष्कळ कुटुंबांचें एखादें जुनें घर भिवंडी तालुक्यांत कोठें तरी असतें. वडीलधारीं माणसें होतीं तोंवर तेथें गणपति बसत, उन्हाळ्याच्या सुटींत मुलें जात. पुढें कुलूप लागलें, आणि आतां तें विकावयाचें असें ठरलें आहे. असें एक घर वडपे गांवीं आहे अशी कल्पना करून मी आज बोलणार आहे. वडपे मुद्दाम घेतलें. मुंबई-नाशिक महामार्गावरचें हें गांव. ठाण्याच्या माजिवड्यापासून वडप्यापर्यंतच्या रस्त्याचें आठपदरी रुंदीकरण हातीं घेण्यांत आलें. आणि नागपूरहून येणारा 701 किलोमीटरचा समृद्धि महामार्ग जवळच आमणे येथें संपतो. त्याचा इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजीं खुला झाला. अशा गांवांत जागेला गिऱ्हाईक येण्यास वेळ लागत नाहीं. तें येण्यापूर्वीं घरधन्यानें स्वतःच्या हातानें काय करावें, आणि कशाला हात लावूं नये, एवढाच आजचा विषय आहे.

हातोडी उचलण्याच्या आधीं एका प्रश्नाचा निकाल लावून घ्यावा. घेणारा घर घेणार आहे कीं जमीन? भिवंडी पूर्वीं मागांसाठीं प्रसिद्ध होती, अलीकडे ती गोदामांसाठीं तितकीच प्रसिद्ध आहे. ज्याला तुमच्या जागेवर गोदाम उभें करावयाचें आहे, तो पहिल्या दिवशीं तुमचें छप्पर उतरवील. त्याच्यासाठीं भिंती रंगविणें म्हणजे पैसे पाण्यांत टाकणें होय. अशा वेळीं खर्च करावयाचा तो मोजणीवर, हद्दीच्या खुणा कायम करण्यावर, मयत झालेल्यांच्या जागीं वारसांचीं नांवें लावून घेण्यावर आणि थकलेली घरपट्टी भरण्यावर. घर गांवठाणांत असेल तर 2020 सालीं सुरू झालेल्या स्वामित्व योजनेखालीं ड्रोननें मोजणी होऊन त्याचें मालमत्ता-पत्रक झालें आहे कीं नाहीं, तें पाहावें. घर शेतजमिनीवर असेल तर 1948 चा कुळकायदा आडवा येतो. शेतकरी नसलेल्या माणसाला ती जमीन परवानगीवांचून घेतां येत नाहीं. हीं कामें कंटाळवाणीं खरीं. पण एक वारस परदेशीं आणि त्याची सही नाहीं, ह्या कारणानें मोडलेले व्यवहार गळक्या छपरानें मोडलेल्या व्यवहारांहून थोडे नसावेत, असें मला वाटतें.

पुढचें सारें भाषण मात्र घर हें राहण्यासाठीं घेणाऱ्या माणसाला डोळ्यांपुढें ठेवून आहे.

आपल्याकडे घर विकावयाचें ठरलें कीं पहिला विचार रंगाचा येतो. कोंकणपट्टींत हा क्रम उलटा लावला पाहिजे. येथल्या घराचा खरा वैरी पाणी आहे. तें वरून येतें, बाजूनें येतें आणि खालूनही येतें. त्याची वाट बंद केल्यावांचून वर दिलेला रंग एक पावसाळाही धड काढीत नाहीं. 

वरचें पाणी आधीं घेऊं. छप्पर मंगलोरी कौलांचें असेल तर काम आटोक्यांतलें आहे. हीं कौलें बाझल मिशनच्या लोकांनीं 1865 सालीं मंगळूर येथें करण्यास सुरुवात केली. त्यांची रचना अशी आहे कीं एक कौल दुसऱ्याच्या खांचेंत बसतें, आणि फुटलेलें तेवढेंच काढून नवें बसवितां येतें. शंभर चौरस फुटांना साधारण दीडशें कौलें लागतात, ह्यावरून किती आणावीं याचा अंदाज करावा. दुपारच्या उन्हांत आंत काळोख करून वर पाहिलें म्हणजे कोठें फट आहे तें उजेडाच्या तिरिपीनें आपोआप कळतें. त्या जागीं आंतून खडूनें वाशावर खूण करावी. कौलावर पाय देऊं नये. फळी आडवी टाकून, ज्या रेषेंत खालीं वासा आहे तेथेंच भार द्यावा, आणि खालीं शिडी धरणारा माणूस असल्यावांचून वर चढूं नये. उंची फार असेल, किंवा वासे मऊ लागत असतील, तर हें काम गांवांतल्या कौलें चाळणाऱ्या माणसाला द्यावें. त्याची मजुरी हाड मोडण्यापेक्षां स्वस्त पडते. पडवीवर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असण्याचा संभव धरावा. ते कापूं नयेत, त्यांस भोंकें पाडूं नयेत व ते घासूंही नयेत; त्याची बारीक धूळ फुफ्फुसांत जाऊन बसते आणि तिचा परिणाम कित्येक वर्षांनीं दिसतो.

घरावर स्लॅब असेल तर गच्ची झाडून तिच्यावर दोन बादल्या पाणी ओतावें आणि तें कोणीकडे जातें तें स्वस्थपणें पाहावें. पुष्कळ वेळां गळतीचें कारण स्लॅबमध्यें नसतें. पाणी जाण्याच्या तोंडाशीं पानें, पक्ष्यांचीं पिसें आणि महामार्गावरून उडून आलेली धूळ ह्यांचा बोळा बसलेला असतो, आणि तेथें गुडघ्याएवढें तळें सांचतें. तो बोळा काढण्यास कांहींही खर्च येत नाहीं.

खालच्या पाण्याची गोष्ट अधिक अवघड. जुन्या भिंती दगडाच्या किंवा विटांच्या, मातींत अथवा चुन्यांत बांधलेल्या असतात. जमिनींतली ओल त्या दिव्याच्या वातीप्रमाणें वर शोषून घेतात. पाणी हवेंत उडून जातें आणि त्यांतले क्षार मात्र भिंतीवर राहतात. हाच तो पांढरा लोणा. लोणा लागलेल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करणें हा सर्वांत प्रचलित आणि सर्वांत वाईट उपाय आहे. सिमेंटमधून ओल सहजासहजीं बाहेर पडत नाहीं, ती आंत कोंडून आणखी वर चढते, आणि दोन हातांवर असलेला डाग पुढच्या सालीं चार हातांवर दिसतो. त्यापेक्षां बाहेरच्या बाजूला फावडें घेऊन जावें. जोत्याला लागून वर्षानुवर्षें सांचलेली माती, पडलेल्या विटा, लांकडांचा ढीग हें सारें काढावें. अंगणाचा उतार घरापासून दूर होईल असा करावा. पन्हळीचें पाणी भिंतीच्या पायथ्याशीं न पडतां पुढें जाईल असें पाहावें. दोन माणसांचें दोन रविवारांचें हें काम आहे. विक्रीपूर्वीं करावयाच्या कामांत ह्याच्या तोडीचें दुसरें काम मला माहीत नाहीं.

भिंतीवरील ओल भिंतींतून येते कीं खोलींतल्या दमट हवेची आहे, हें ओळखण्याची एक साधी परीक्षा आहे. हातभर लांबरुंद पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर ठेवून चारी कडा चिकटपट्टीनें बंद कराव्या आणि दोन दिवस तसाच ठेवावा. भिंतीकडच्या बाजूला पाणी धरलें तर ओल भिंतीची. खोलीकडच्या बाजूला धरलें तर हवेची. दुसऱ्या प्रकारांत बहुधा खिडक्या उघडणें, एवढेंच औषध पुरतें. बंद घरांना कुलुपामुळें येणारी ही ओल असते.

ओल थांबली म्हणजे भिंत लगेच कोरडी झाली असें नव्हे. दर इंच जाडीला एक महिना, असा ढोबळ हिशेब बांधकामांतले लोक धरतात. जाड भिंतीच्या बाबतींत सबंध कोरडा हंगाम त्यांत जातो. म्हणून ज्याला घाई नाहीं त्यानें छपराचें व पन्हळींचें काम वैशाखांत उरकावें, पावसाळ्यांत अधूनमधून येऊन घर न्याहाळावें, आणि रंग माघ-फाल्गुनांत काढावा. अक्षय्यतृतीयेच्या सुमारास घर दाखविण्यास तयार होतें. ज्याला घाई आहे त्यानें ओल्या भिंतीला रंग देऊंच नये.

आतां चुना. चुन्याची किंवा मातीची जुनी भिंत असेल तर तिला चुन्याची सफेदीच योग्य. तीमधून भिंत श्वास घेते. तेलरंगावर किंवा डिस्टेंपरवर मात्र ती धरत नाहीं, तो थर आधीं खरवडावा लागतो. कळीचा चुना लोखंडी पिंपांतल्या पाण्यांत थोडा थोडा टाकावा. चुन्यावर पाणी ओतूं नये, तो उसळतो. प्लास्टिकची बादली त्या उष्णतेनें वितळेल, आणि अ‍ॅल्युमिनियमचें भांडें चुना खाऊन टाकतो. डोळ्यांवर चष्मा असावा; थेंब उडालाच तर पुष्कळ वेळ स्वच्छ पाण्यानें डोळा धुवावा आणि सरळ डॉक्टरकडे जावें. विरलेला चुना एक दिवस ठेवून जाड्या फडक्यांतून गाळावा, एका किलोला पांच लिटर पाणी ह्या प्रमाणांत पातळ करावा, गरम पाण्यांत विरघळविलेला थोडा डिंक घालावा, आणि निळ घालावयाची ती किलोला तीन ग्रॅमच्या वर नाहीं. हात तीन द्यावे, प्रत्येक मागचा वाळल्यावर. पहिला हात इतका फिका दिसतो कीं नवशिक्या माणसाचा धीर सुटतो आणि तो चुना दाट करतो. मग आठ दिवसांत त्याचे पापुद्रे निघूं लागतात. हवेंतला कर्बवायु घेऊन चुना हळूहळू घट्ट होतो आणि पांढरा उठतो, त्याला तेवढा अवकाश द्यावा.

दारें-खिडक्यांवरचा जुना तेलरंग कोरडा घासूं नये. घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दशलक्ष भागांत 90 भागांपेक्षां अधिक नसावें असा नियम आपल्या देशांत 2016 सालीं झाला. त्यापूर्वींच्या रंगांत तें कितीही असूं शकेल. ओल्या पॉलिशकागदानें घासावें, मुलांना दूर ठेवावें आणि खालचा चोथा कागदांत गुंडाळून टाकावा. महामार्गाकडची भिंत नुसती धुतली तरी तिचें रूप पालटतें. धुतांना खालून वर जावें. वरून खालीं गेल्यास काजळीचे ओघळ कोरड्या भिंतीवर उमटतात आणि ते निघतां निघत नाहींत.

लांकडाची परीक्षा हातोडीच्या दांड्यानें ठोकून करावी. भरीव लांकूड खणखणतें, वाळवीनें खाल्लेलें बद्द वाजतें. भिंतीवरून चढणारी मातीची बारीक नळी दिसली तर ती नुसती पुसून टाकूं नये. ती कोठून येते हें वाळवीचें औषध देणाऱ्याला कळावयास हवें. बिजागऱ्यांना तेल, सुटलेली कडी, फुटलेली कांच, हीं कामें कोणीही करील. गळत्या नळाला नवें वायसर घालावें. सेकंदाला एक थेंब पडत असेल आणि चार हजार थेंबांचा एक लिटर धरला, तर दिवसाचें एकवीस लिटरांहून अधिक पाणी होतें. 

विजेच्या तारांना मात्र घरधन्यानें हात लावूं नये. जुन्या घरांत कापडी वेष्टणाच्या तारा अजून सांपडतात, आणि दमट भिंतीशीं त्यांची संगत धोक्याची असते. परवानाधारक तारतंत्र्याकडून तपासणी करून तिचा लेखी दाखला घ्यावा. गळणाऱ्या विजेला तोडणारें स्वयंचलित बटण बसविलेलें असेल तर त्याच्यावरची परीक्षेची कळ तेवढी आपण दाबून पाहावी. ती दाबतांच वीज तुटली पाहिजे.

आतां थोडा नाजूक विषय. ओलीच्या डागावर कपाट सरकविणें, वाळवी लागलेल्या तुळईवर लांबी भरून रंग फासणें, ह्याला आपल्याकडे कित्येकदां व्यवहारचातुर्य म्हटलें जातें. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यांत, पंचावन्नाव्या कलमांत, ह्याचें निराळें नांव आहे. मालमत्तेंतला किंवा तिच्या मालकी-हक्कांतला जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही आढळणार नाहीं, तो सांगण्यास विकणारा बांधलेला आहे. न सांगणें ही लबाडी समजली जाते. समोरचा माणूस बहुधा वीस वर्षांची शिल्लक आणि त्यावर बँकेचें कर्ज घेऊन आलेला असतो. त्याची फसगत ही थट्टेची बाब नाहीं.

आणि निव्वळ पैशाच्या दृष्टीनें पाहिलें तरी लपविण्याचा हिशेब तोट्याचा आहे. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनीं 1970 सालीं जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. 2001 सालच्या अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी झाले. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, विकणाऱ्याला दोष ठाऊक आणि घेणाऱ्याला तो ओळखतां येत नाहीं, अशा बाजारांत घेणारा प्रत्येकच माल खराब धरून भाव पाडतो. मग चांगल्या मालालाही किंमत येत नाहीं. जुन्या घरांना हें हुबेहूब लागू पडतें. सगळ्या खोल्या जुन्या आणि एकच भिंत ताजी रंगविलेली दिसली, कीं जाणतें गिऱ्हाईक तिच्यावरच हात ठेवतें. उलट, "ही भिंत दोन वर्षांपूर्वीं ओलावली होती, पन्हळ बदलली, हा तिचा खर्च, आणि हीं पावसाळ्यांत काढलेलीं छायाचित्रें," असें सांगणाऱ्याच्या बाकीच्या बोलण्यावरही विश्वास बसतो, आणि घासाघीस त्या एका भिंतीपुरती राहते. ह्यासाठीं प्रत्येक दुरुस्तीच्या पावत्या एका पाकिटांत ठेवाव्या, आणि काम चालू असतां, म्हणजे गिलावा उघडा किंवा कौलें उतरलेलीं असतां, तारखेसह छायाचित्र घ्यावें.

घर दाखविण्याच्या आदल्या दिवशीं सगळ्या खिडक्या उघड्या टाकाव्या. उदबत्त्यांचा घमघमाट करूं नये. त्यानें कुबट वास झांकतो तितकाच संशयही वाढतो. सामान शक्य तितकें आधींच हलवावें, कारण रिकामी खोली मोठी दिसते आणि तिच्या चारी भिंती पाहतां येतात. गिऱ्हाईक पावसाळ्यांत येतों म्हणालें तर त्याला थांबवूं नये. छप्पर नीट केलें असेल तर तो दिवस तुमचाच आहे. व्यवहार झाल्यावर उरलेलीं चांगलीं कौलें माळ्यावर रचून ठेवावीं, आणि पाण्याचा नळ जमिनीखालून कोठून गेला आहे, शोषखड्डा कोठें आहे, मुख्य तोटी कोणती, ह्याचा एक हातानें काढलेला नकाशा किल्ल्यांच्या जुडग्यासोबत नव्या मालकाच्या हवालीं करावा.