पाण्याची नोंद कोणासाठी?

पाण्यातले फ्लोराइड डोळ्यांस दिसत नाही, जिभेस कळत नाही, लिटरमागे १.५ मिलिग्रॅमपलीकडे ते वर्षानुवर्षे पोटात गेले, की दात व हाडे बिघडू लागतात. म्हणूनच तपासणीची नोंद वेळेवर पोचणे हा आरोग्याचा प्रश्न ठरतो. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने २०२१ मध्ये त्यासाठी संगणकीय माहिती-प्रणाली उभारली. प्रयोगशाळांचे निष्कर्ष आणि गावातील प्रशिक्षित स्त्रियांनी केलेल्या चाचण्या तीत एकत्र येतात. नमुना दूषित ठरल्यास अधिकाऱ्यांना सूचना जाते. परंतु कोणता उपाय योजला व फेरतपासणीत काय आढळले, हे गावालाही कळले पाहिजे. भाषेचा अध्यापक या नात्याने मी एवढेच म्हणेन, की तो निष्कर्ष पाणी भरणाऱ्या बाईला तिच्या भाषेत वाचता यावा. ती तो वाचील, तेव्हाच दुसऱ्या विहिरीकडे वळेल.