सिरॉसिसच्या रुग्णातील जंतुसंसर्ग : वेळेचे आणि औषधाचे मोल



जमाखर्चाची पाने चाळताना ‘मानवी अल्ब्युमिन’ या औषधावरील खर्चाकडे आपले लक्ष हटकून जाते. इतके महाग औषध नेमके कोणासाठी, हा विश्वस्तांचा प्रश्न रास्त आहे. आम्ही कार्यालयीन कामकाज पाहणारे, वैद्यकशाखेचे नव्हे. परंतु डॉक्टरांकडून जे समजून घेतले, ते येथे सोप्या शब्दांत मांडत आहोत.

दीर्घकाळचे मद्यपान, हिपॅटायटिस बी व सी, किंवा स्थूलता व मधुमेहाबरोबर यकृतात साठणारी चरबी यांमुळे यकृतावर वर्षानुवर्षे व्रण उमटतात आणि ते कठीण होते. हाच सिरॉसिस. गोदावरीला पूर आला की पात्रात न मावणारे पाणी काठच्या वस्तीत शिरते, आणि दुतोंड्या मारुतीला ते कुठवर लागले यावरून आपण पंचवटीकर पुराचा अंदाज बांधतो. कठीण झालेल्या यकृतापुढे आतड्यांकडून येणारे रक्त असेच तुंबते आणि पुढे पोटाच्या पोकळीत पाणी साठते. हा जलोदर म्हणजे आजार धोक्याच्या पातळीला पोहोचल्याची खूण होय.

निरोगी यकृत आतड्यांतून आलेले जंतू गाळून नष्ट करते. सिरॉसिसमध्ये ही चाळणी निकामी होते व शरीराची प्रतिकारशक्तीही खालावते. त्यामुळे कोठेही जखम नसताना आतड्यांतील जंतू रक्तात आणि पोटातील पाण्यात शिरतात. या पाण्याच्या संसर्गास डॉक्टर ‘एसबीपी’ म्हणतात. मूत्रमार्ग, फुप्फुसे व त्वचा येथेही संसर्ग होतो. रुग्णालयात दाखल होणाऱ्या सिरॉसिसच्या रुग्णांपैकी सुमारे एकतृतीयांश रुग्णांत दाखल होतेवेळी किंवा नंतर जंतुसंसर्ग आढळतो, असे अनेक देशांचा अनुभव सांगतो.

संसर्ग झाला की रक्तदाब उतरतो, मूत्रपिंडांना रक्त कमी पडते, मेंदूवर गुंगी चढते आणि तोवर कसेबसे काम करणारे यकृत अवघ्या काही दिवसांत कोलमडते. युरोपात झालेल्या व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कॅनॉनिक’ अभ्यासात अशा आकस्मिक ऱ्हासामागे सुमारे एकतृतीयांश रुग्णांत जंतुसंसर्ग हे कारण दिसले. २०१० सालच्या एका आढाव्यानुसार संसर्गामुळे सिरॉसिसच्या रुग्णातील मृत्यूचा धोका जवळजवळ चौपट होतो व संसर्ग झालेल्यांपैकी सुमारे ३० टक्के रुग्ण महिन्याभरात दगावतात. यकृतापाठोपाठ मूत्रपिंडेही थकली की काय होते, हे महाराष्ट्राने १४ ऑगस्ट २०१२ रोजी अनुभवले आहे. माजी मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांचे त्या दिवशी चेन्नई येथे निधन झाले; यकृत प्रत्यारोपणाची वेळ येऊ शकली नाही.

निदानाची चाचणी मात्र साधी व अल्पखर्चाची आहे. सुईने पोटातील थोडे पाणी काढून त्यातील न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी मोजतात. त्या एका घन मिलिमीटरमध्ये २५० किंवा अधिक असल्यास जंतूंच्या वाढीचा अहवाल येण्याची वाट न पाहता शिरेतून प्रतिजैविक सुरू करतात. ही तपासणी दाखल झाल्यापासून बारा तासांच्या आत व्हावी, असा तज्ज्ञांचा आग्रह असतो. म्हणूनच सुट्टीच्या दिवशीही ती लांबणीवर टाकू नये, असा आमचा दंडक आहे.

आता अल्ब्युमिनविषयी. १९९९ साली स्पेनमध्ये एसबीपीच्या १२६ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात केवळ प्रतिजैविक मिळालेल्यांपैकी ३३ टक्के रुग्णांची मूत्रपिंडे बिघडली. सोबत अल्ब्युमिन मिळालेल्यांत हे प्रमाण १० टक्के होते. रुग्णालयातील मृत्यूही २९ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आले. पहिल्या दिवशी वजनाच्या दर किलोस दीड ग्रॅम व तिसऱ्या दिवशी एक ग्रॅम, असे हे प्रमाण आहे. साठ किलो वजनाच्या रुग्णास अनुक्रमे ९० व ६० ग्रॅम, म्हणजे २० ग्रॅमच्या आठ बाटल्या लागतात, आणि एकेका बाटलीस काही हजार रुपये पडतात. पेठ वा सुरगाण्याहून आलेल्या शेतमजुराच्या कुटुंबास हा भार पेलणारा नाही.

नातेवाइकांना आमची कळकळीची विनंती अशी की, या आजारात संसर्ग असूनही ताप नसू शकतो. पोटात दुखणे, लघवी कमी होणे, दिवसा झोप व रात्री जागरण, बोलण्यात विसंगती, रक्ताची उलटी किंवा काळी शौच यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. औषधाच्या दुकानातून परस्पर वेदनाशामके घेऊ नयेत; ती मूत्रपिंडांना घातक ठरतात. प्रतिजैविकेही मनाने घेऊ नयेत. औषधांना न जुमानणारे जंतू आशियात, त्यातही भारतात, मोठ्या प्रमाणावर आढळत आहेत. मद्य पूर्ण वर्ज्य करावे. हिपॅटायटिस बी व सी यांवर २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत शासकीय केंद्रांत मोफत उपचार मिळतात, त्यांचा लाभ घ्यावा.

धर्मादाय रुग्णालयांसाठी २००६ पासून लागू झालेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखावयाच्या असतात, आणि बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. आठ बाटल्यांचा खर्च प्रत्येक गरजूसाठी भागविताना हा निधी अपुरा पडतो. तेथे आपल्या देणगीचा आधार होतो.

 ताळेबंदात ती रक्कम ‘औषध खर्च’ या एका ओळीत दिसते. त्या ओळीमागे कोणाचा तरी तिसरा दिवस आहे, एवढे आपण ध्यानी घ्यावे, ही नम्र विनंती.