मोजपट्टी हाताशी नसताना

पावसाच्या बातमीतला ‘मिलिमीटर’ समजायला एकच सूत्र पुरतं: १ मिमी पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर १ लिटर पाणी. गच्ची १,००० चौरस फुटांची असेल, तर ११ने भागा. ढोबळमानाने ९० चौरस मीटर झाले. त्यावर १० मिमीची एक चांगली सर आली, की ९०० लिटर पाणी पडलं. उडालेलं, सांडलेलं असा पाचवा हिस्सा सोडला, तरी सातशे लिटर पन्हळीतून टाकीत येऊ शकतं. इतकं पाणी दर सरीला गटारात जाऊ देणं खरोखर परवडणारं नाही.

पाण्याचा लिटर वजनाला जवळपास १ किलो भरतो. म्हणजे १,००० लिटरची भरलेली टाकी ही स्लॅबवर ठेवलेलं एक टन ओझं आहे. जुन्या इमारतीवर नवी टाकी चढवण्याआधी इंजिनीअरला विचाराच.

जमिनीचं गणित सोपं: गुंठा साधारण १०० चौरस मीटरचा, हेक्टर अडीच एकरांचा. झेरॉक्सचा ८० जीएसएमचा ए-फोर कागद ५ ग्रॅमचा आणि जेमतेम ३० सेंटिमीटर लांब, त्यामुळे फूटपट्टीचं काम तो बऱ्यापैकी निभावतो.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा, ३ने भागा; उत्तर किलोमीटरमध्ये. आकडा दहाच्या आत आला तर शेतातून, गच्चीवरून ताबडतोब पक्क्या घरात या. झाडाखाली मात्र थांबू नका.