जिबूती : मिठाच्या देशात चार दिवस

तांबड्या समुद्राच्या मुखाशी, बाब-अल-मंदेबच्या सामुद्रधुनीलगत, जिबूती नावाचा एक चिमुकला देश वसला आहे. क्षेत्रफळ सुमारे २३,२०० चौरस किलोमीटर. शेती नाममात्र, बारमाही नदी एकही नाही. पूर्वी त्यास फ्रेंच सोमालीलँड म्हणत; २७ जून १९७७ रोजी तो स्वतंत्र झाला. आम्हांपैकी बहुतेकांच्या कानी हे नाव प्रथम पडले ते २०१५ साली. येमेनच्या युद्धात अडकलेल्या अनेक भारतीयांना आपल्या नौदलाच्या जहाजांनी याच बंदरात सुखरूप उतरविले होते. गेल्या डिसेंबरात आम्ही तीन व्यापारी मित्र सहकुटुंब तिकडे निघालो, तेव्हा आप्तेष्टांनी विचारले, "अहो, त्या वाळवंटात पाहावयाचे तरी काय?"

मुंबईहून आदिस अबाबामार्गे आम्ही जिबूती शहरी उतरलो. कमानींच्या जुन्या इमारती, त्यांच्या सावलीत मांडलेली दुकाने, आणि पलीकडे बंदरातील उंच याऱ्या. इथिओपियास स्वतःचा समुद्रकिनारा नाही. १९९८ साली इरिट्रियाशी त्याचे युद्ध जुंपल्यावर तिकडील बंदरे त्यास बंद झाली, आणि त्याचा बहुतेक सारा परदेशी व्यापार जिबूतीच्या वाटेने होऊ लागला. शिवाय फ्रान्स, अमेरिका, जपान, इटली व चीन यांचे लष्करी तळ येथे आहेत. पदरी माल नाही, परंतु दुकान ऐन नाक्यावर आहे, अशा दुकानदारासारखी या देशाची स्थिती आहे. नाक्याच्या भाड्यावर संसार चालतो. जवळजवळ प्रत्येक जिन्नस बाहेरून येत असल्याने प्रवाशास मात्र सर्व काही महाग पडते.

आपल्या कुटुंबांना आहाराची चिंता वाटेल, म्हणून दोन शब्द. लाहोह नावाचे आंबोळीसारखे धिरडे, फ्रेंच पद्धतीचा लांब पाव व फळे मिळतात. सांबुसा हा आपल्या समोशाचाच भाऊ. आत डाळ आहे की मांस, हे विचारल्यावाचून घेऊ नये. डिसेंबरात तेथे सूर्य सहाच्या आत मावळतो. ज्यांना रात्रिभोजनत्याग आहे त्यांनी दशम्या व शेंगदाण्याची चटणी जवळ बाळगावी. आम्ही तेच केले.

तिसऱ्या दिवशी असाल सरोवर पाहिले. शहरापासून मोटारीने सुमारे दोन तासांची वाट. प्रथम इथिओपियाकडे जाणाऱ्या मालमोटारींची रांग, नंतर काळाभोर लाव्हा. हे सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे १५५ मीटर खाली असून आफ्रिका खंडात याहून सखल स्थान नाही. जवळच्या खाडीचे पाणी जमिनीतील भेगांवाटे येथे झिरपते, उन्हाने त्याची वाफ होते आणि मीठ मागे राहते. येथील पाणी समुद्राच्या सुमारे दसपट खारे आहे. शतकानुशतके अफार लोक हे मीठ उंटांवर लादून इथिओपियात नेत व धान्य घेऊन परतत.

काठावर एक वृद्ध अफार मिठाचे गोल, शुभ्र खडे मांडून बसला होता. शेजारी मिठाची पुटे चढलेल्या बकऱ्यांच्या कवट्याही विकावयास होत्या. तिकडून आम्ही दृष्टी वळविली. खड्यांच्या पिशवीचे त्याने एक हजार फ्रँक सांगितले. आम्ही सवयीने पाचशेपासून आरंभ केला. सहाशेवर सौदा ठरला. पैसे पुढे करताच तो आमच्या मोटारचालकाशी काही बोलला. चालक म्हणाला, "तो विचारतो, सहाशेच द्या, पण एक बाटली पाणी मिळेल काय?"

आम्हांपैकी कोणासही उत्तर सुचेना. मोटारीत पाण्याचे खोकेच्या खोके होते. परतीच्या वाटेपुरते ठेवून बाकीचे त्यास दिले, आणि पैसेही त्याने प्रथम सांगितले तेवढेच दिले. त्याने दोन घोट घेतले व बाटली शेजारच्या मुलाच्या हाती दिली. दान केल्याचे समाधान आम्हांस वाटले नाही. उशिरा देणे चुकते केल्यासारखे वाटले. पाणी गाळून, जपून वापरावे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या वाक्याचा अर्थ त्या खाऱ्या काठावर उमगला.

ज्यांना जावयाचे असेल त्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात जावे. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. सामान कमी न्यावे, पाणी अधिक न्यावे.

ते खडे आमच्या पेढीवर गल्ल्याशेजारी काचेच्या बरणीत ठेविले आहेत. कोणी गरजू विक्रेता माल घेऊन येतो आणि आम्ही भाव पाडू लागतो, तेव्हा दृष्टी हटकून त्या बरणीकडे जाते.