फुलं भरपूर, मग फळ कुठं? परसबागेतलं खरबूज

आज बोलूया खरबुजाबद्दल, तेही गुळगुळीत सालीच्या, आतून फिकट हिरव्या गराच्या. बाजारात याला हनीड्यू म्हणतात. कोकणातलं चिबूडही याच कुळातलं. उन्हाळ्यात हे फळ विकत घ्यायचं तर हात आखडतो, आणि पोरांच्या वाट्याला एकेक फोडच येते. परसात चार वेल लावले तर घरच्यांपुरतं फळ नक्की निघतं.

संक्रांत झाली, थंडी ओसरू लागली की बी लावायचं. गार मातीत बी उगवत नाही, कुजतं. दिवसभर ऊन मिळेल अशी जागा निवडा. दीड फूट रुंद आणि फूटभर खोल आळं करा. त्यात दोन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत आणि ओंजळभर निंबोळी पेंड मातीत मिसळा. ताजं शेण नको. दोन आळ्यांत चार फूट अंतर ठेवा. प्रत्येक आळ्यात तीन बिया, बोटाच्या एका पेरावर खोल लावा. रोपांना चार पानं आली की जोमदार दोन ठेवून तिसरं कात्रीनं कापा. उपटलं तर शेजारच्या रोपाची मुळं हलतात.

संकरित बी महाग असतं, पण पाकीट चार-पाच जणींत वाटून घेता येतं. विकत आणलेल्या फळातलं बी लावू नका. ते फळ बहुधा संकरित वाणाचं असतं, त्यामुळे तसंच फळ येईल याची खात्री नसते.

आता गटाच्या बैठकीत नेहमी येणारा प्रश्न. “ताई, फुलं भरपूर, फळ एकही नाही. वेल उपटून टाकू का?” थांबा! आधी नुसती नरफुलं येतात. मादीफुलं आठ-पंधरा दिवसांनी येतात. फुलामागे सुपारीएवढी हिरवी गाठ दिसली की ते मादीफूल. नराचे पराग तिथं पोचवायचं काम मधमाश्या करतात. म्हणून फुलोऱ्यात सकाळी कसलीच फवारणी करू नका. माश्या दिसत नसतील तर ते काम आपण करायचं. सकाळी दहाच्या आत ताजं नरफूल तोडा, पाकळ्या काढा आणि मधला दांडा मादीफुलाच्या मध्यावर हलकेच टेकवा. दोन-तीन दिवसांत गाठ फुगू लागली की फळ धरलं. एका वेलावर तीनच फळं ठेवा. जास्त ठेवली की सगळीच लहान आणि कमी गोड राहतात.

उन्हाळ्यात पाण्याचा हंडा आपल्याच डोक्यावर असतो, म्हणून आळ्यात पाचट किंवा पालापाचोळा अंथरा, ओल टिकते. पाणी बुंध्याशी द्या, पानांवर नको. मधे कोरडं पडू देऊन एकदम भरपूर पाणी दिलं तर फळ तडकतं. फळ पुरं वाढलं की पाणी कमी करा, गोडी चढते.

लाल भुंगेरे कोवळी पानं खातात. सकाळी ते सुस्त असतात, तेव्हा वेचून साबणाच्या पाण्यात टाका. फळमाशी फळात अंडी घालते. फळ पेरूएवढं झालं की कागदात किंवा जुन्या सुती कापडात गुंडाळा. सडलेली फळं वेलाखाली ठेवू नका, खोल पुरा. सापळा आणायचा तर क्यू ल्युअरचा मागा. आंबा-पेरूसाठीचा मिथिल युजेनॉलचा सापळा इथं चालत नाही. फळाखाली सुकं गवत किंवा कौलाचा तुकडा ठेवा.

तोडायचं कधी? जाळीदार खरबूज पिकलं की देठापासून आपोआप सुटतं. गुळगुळीत खरबूज तसं सुटत नाही. त्याची वाट पाहिली तर फळ वेलावरच उतरतं, आणि घाई केली तर काकडीसारखं फिकं लागतं. सालीचा हिरवा रंग जाऊन दुधी-पिवळसर झाला, बारीक लव जाऊन साल मेणासारखी लागली आणि फुलाकडचं टोक अंगठ्यानं किंचित दबलं, की थोडा देठ ठेवून कात्रीनं कापा.

चिरण्याआधी साल स्वच्छ धुवा. नाहीतर सालीवरची माती सुरीबरोबर गरात जाते. चिरलेलं फळ उन्हाळ्यात तासन्‌तास उघडं ठेवू नका.

आणि पहिलं फळ निघालं की सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेली फोड नको. एक चांगली फोड आधी स्वतःच्या ताटात घ्या. हंडा तुम्ही वाहिलाय. भेटूया पुढच्या भागात, नमस्कार!