विंचवाचे विष आणि रक्तदाबाची गोळी

कोकणातला लाल विंचू चावला की काही रुग्णांना दरदरून घाम फुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात. पुढे धाप लागते आणि तोंडातून गुलाबी फेस येऊ लागतो. 1970च्या दशकात महाडजवळच्या बिरवाडी आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी असे मृत्यू जवळून पाहिले.

या विषामुळे मज्जातंतू सारखे उद्दीपित होत राहतात आणि रक्तात अ‍ॅड्रेनॅलिन, नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचा पूर येतो. ही रसायने पेशीच्या आत जात नाहीत. पेशीच्या आवरणात रुतून बसलेली प्रथिने, म्हणजेच रिसेप्टर, त्यांना बाहेरच धरतात आणि निरोप तेवढा आत पोचवतात. गंमत अशी, की त्याच अ‍ॅड्रेनॅलिनने कुठली रक्तवाहिनी आवळते, तर कुठली सैलावते. असे का, याचे उत्तर 1948 साली अमेरिकेतल्या रेमंड अ‍ॅल्क्विस्ट यांनी दिले. रिसेप्टरांच्याच दोन जाती आहेत, अल्फा आणि बीटा, असे त्यांचे म्हणणे होते. बरीच वर्षे ते कुणी फारसे मनावर घेतले नाही! आज या रिसेप्टरांचे नऊ उपप्रकार माहीत आहेत. ढोबळमानाने अल्फा-1 रक्तवाहिन्या आवळतो, बीटा-1 हृदयाची गती आणि जोर वाढवतो, तर बीटा-2 श्वासनलिका मोकळ्या करतो.

विंचूदंशात खरा घात करतो तो अल्फा-1. आवळलेल्या रक्तवाहिन्यांत रक्त ढकलता ढकलता हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी साचते. प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी नेमका हाच रिसेप्टर अडवते. तिचा विंचूदंशावरचा उपयोग बावस्कर दांपत्याने 1986 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. धडधड थांबवायला बीटा रिसेप्टर अडवणारे औषध, म्हणजे बीटा-ब्लॉकर, द्यावा, असे सहज वाटेल. इथे मात्र तो घातक ठरू शकतो, कारण थकल्या हृदयाचा उरलासुरला जोरही जातो आणि अल्फाला मोकळे रान मिळते.

एरवी बीटा-ब्लॉकर हे मोठ्या कामाचे औषध. जेम्स ब्लॅक यांनी 1960च्या दशकात हृदयविकारासाठी प्रोप्रॅनोलॉल घडवले. त्यांच्या 1988च्या नोबेलमागे या कामाचा मोठा वाटा होता. पण प्रोप्रॅनोलॉल बीटा-1 बरोबर बीटा-2 सुद्धा अडवते. दम्याच्या पंपातले साल्ब्युटामॉल ज्या बीटा-2ला चालना देते, तोच हा. त्यामुळे दमेकऱ्याची श्वासनलिका अशा गोळीने आवळू शकते. दमा असलेल्यांनी हृदयाचे किंवा रक्तदाबाचे औषध लिहून घेताना डॉक्टरांना तसे आवर्जून सांगावे.